घोडे आळीबाहेर काढण्याआधी : नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी व सर्व सन्माननीय सदस्य,
आपली नगरपरिषद

विषय : रहिवासी विभागात घोडे पाळण्यास मनाई करण्याच्या प्रस्तावावर हरकत व सूचना

स.न.वि.वि.

रहिवासी विभागात घोडा, तट्टू किंवा खेचर पाळता येणार नाही, आणि आज आळीआळीत बांधलेली जनावरे ‘समुद्रालगतच्या मोकळ्या जागेत’ हलवावीत, असा प्रस्ताव आपण सभेपुढे आणला आहे. त्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत. सूचनाफलकावरच्या नमुन्यात हरकतीसाठी चार ओळींची जागा आहे. माझे म्हणणे चार ओळींत मावत नाही, म्हणून हे खुले पत्र.

आधी माझे हितसंबंध सांगून टाकते, नाहीतर नाक्यावर तेच आधी निघतील. आमच्या घरात घोडा नाही, कधी नव्हता. वाडीत खोल्या काढून आम्ही पर्यटकांची घरगुती सोय करतो. आमच्या बांधाला लागून ज्यांची वाडी आहे, त्यांच्याकडे तीन घोडी आहेत. म्हणजे घोड्यांचा त्रास मला सगळ्यांत जवळून होतो, आणि किनाऱ्यावर घोडा आहे म्हणून जे कुटुंब मुलांच्या हट्टाने पुन्हा येते, त्याचे पैसेही माझ्याच घरात येतात. दोन्हीकडून लाभ-हानी असलेले माणूस निःपक्षपाती असते असे मी म्हणत नाही. पण त्याला दोन्हीकडचे दिसते.

त्रास खरा आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या सदस्यांना कोणी ‘गरिबाच्या पोटावर पाय देणारे’ म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. आषाढात पहाटे मागचे दार उघडले की पहिल्यांदा वास येतो तो लिदीचा नव्हे, मुताचा. लिदीला तसा फार वाईट वास नसतो, ओल्या गवताचा असतो. मूत वेगळे. शेजारच्या पागेत खाली जांभ्या दगडाचा चिरा टाकलेला आहे आणि चिरा मूत पितो. रात्रभर प्यायलेले मूत सकाळी अमोनिया होऊन वर येते, डोळ्यांना झोंबते, आणि त्यात नाक खाली घालून घोडे उभे असतात. मला झोंबते ते त्यांच्या फुप्फुसांनाही झोंबत असणारच. मग माश्या. पाहुण्यांच्या पोह्यांवर माशी बसली की ते मला काही बोलत नाहीत, घरी जाऊन मोबाइलवर लिहितात.

हिशोब सांगते, कारण प्रस्तावात तो कुठेच नाही. मध्यम चणीचा घोडा दिवसाला पंधरा ते वीस किलो लीद टाकतो. मूत सात-आठ लिटर वेगळे. तीन घोडे धरा, की एका घराची महिन्याची लीद दीड टनाच्या आसपास गेली. उन्हाळ्याच्या दिवसांत घरमाशीच्या अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस लागतात. याचा अर्थ सरळ आहे : लीद दर तीन दिवसांनी हलली, किंवा झाकून तापू दिली, तर माशी जन्मालाच येत नाही. ढीग नीट रचला तर आत पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात अळ्या मरतात आणि जंतांची अंडीही मरतात. पंधरा दिवस उघडी पडून राहिली, तर सगळ्या आळीला पुरतील एवढ्या माश्या. घोडा तोच, लीद तीच. फरक पडतो तो ती कोण उचलतो आणि कधी, यात.

आणि घोडे पेंड खाते ते इथेच. आपली घंटागाडी लीद घेत नाही. ओला कचरा घेते, सुका घेते, नारळाच्या करवंट्या कटकट करत का होईना घेते, पण लिदीची पाटी पुढे केली की ‘ही आमच्यात येत नाही’ असे उत्तर मिळते. घोडेवाल्याने ती टाकायची कुठे? काहीजण रात्री खाडीच्या कडेला नेऊन ओततात. काहीजण गटारात ढकलतात, आणि पहिल्या पावसात ते गटार तुंबले की आपण मुकादमाला फोन करतो. घनकचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत. गावात रोज निर्माण होणाऱ्या आणि शंभर टक्के कुजणाऱ्या एवढ्या मोठ्या कचऱ्याची व्यवस्थाच न लावता, तो निर्माण करणाऱ्याला गावाबाहेर काढणे मला तरी उलटे वाटते.

आता ‘समुद्रालगतची मोकळी जागा’. नकाशात बोट कुठे ठेवले आहे ते मी पाहिले. सुरूच्या बनाच्या अलीकडचा, वाळूचा पट्टा. तो मोकळा आहे याला कारण आहे. तो सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतो, आणि रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवे बांधकाम करता येत नाही. माझ्या माहितीतल्या एका घराला स्वच्छतागृह वाढवायची परवानगी याच कारणाने मिळाली नाही. मग तिथे पागा कशी बांधणार? बांधणार नाहीच. घोडे खुंटाला बांधून उघड्यावर उभे राहणार. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ओल्यात सतत उभे राहिले की घोड्याच्या खुराला कूज लागते. शेजारच्या पोराने मला एकदा श्रावणात घोडीचा पाय उचलून दाखवला होता. आकड्याने खुराच्या मधल्या खाचेतला चिखल काढला, तर खालून काळे, लिबलिबीत, नाक धरायला लावणारे काहीतरी निघाले. घोडीने पाय झटकला नाही, नुसती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. ‘काकी, हे पागेत ठेवून झालंय,’ तो म्हणाला. ‘वाळूत ठेवल्यावर काय होईल?’

वाळूत काय होते तेही सांगते. वाळूवर टाकलेले गवत घोडा वाळूसकट खातो. ती वाळू आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. त्यामुळे पोटात गेलेले तोंडावाटे परत येत नाही, आणि शूळ उठलेला घोडा काही तासांत जाऊ शकतो. तो रात्री लोळायला लागला, पाय आपटायला लागला, तर घरामागे असल्यामुळे कुणालातरी ऐकू येते. मलाही आले आहे. रात्री दोनला बांधापलीकडे बॅटरीचे उजेड फिरताना दिसले, पोरगा घोडीला दोरीला धरून वाडीत फेऱ्या घालत होता, आणि डॉक्टर येईपर्यंत त्याने तिला आडवे होऊ दिले नाही. हीच घोडी दीड किलोमीटरवर सुरूच्या बनात असती, तर सकाळी सापडली असती.

भरतीचाही विचार करा. अलिबागला ओहोटीच्या वेळी घोडागाडीत बसून कुलाबा किल्ल्यात जाता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. ओहोटीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गाडीवाल्याचा दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. आपल्याकडे किल्ला नाही, पण भरतीला किनारा उरत नाही हे तेच. कधी पहाटे खरारा करून खोगीर चढवायचे, कधी भर दुपारी. ज्याचे काम असे आहे, त्याचे जनावर त्याच्या हाताशी असावे लागते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा शेजारच्या पागेचे पत्रे उडून आमच्या विहिरीवर पडले. घोडी कुठे होती? त्यांच्या पडवीत. घरातली माणसे माजघरात, घोडी पडवीत, दोन्हींच्या मध्ये एक दार. समुद्राच्या काठावर बांधलेल्या घोड्यांना त्या दिवशी कुणी सोडवायला गेले असते का, आणि गेलेला माणूस परत आला असता का, याचा विचार ज्यांनी नकाशावर बोट ठेवले त्यांनी करावा. दुसऱ्या वर्षी मेमध्ये तौक्ते आले. यापुढे येणारच नाही असे कोण म्हणेल?

या विषयावर शेजारच्या पोराशी माझे बोलणे झाले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘काकी, घोडा काय होडी हाय, पावसाळा आला म्हणून वर ओढून ठेवला नि ताडपत्री टाकली?’ जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होडी खात नाही. घोडा खातो. आणि त्याच महिन्यांत किनाऱ्यावर एक रुपया मिळत नाही. घोडेवाल्यांची संघटना नाही, त्यांच्यासाठी कुणी निवेदन घेऊन जिल्ह्याला जात नाही, आणि आपल्या सभागृहातही त्यांच्यातले कुणी नाही. असो.

काही सुजाण मंडळी म्हणतात, घोड्यांचे हाल होतात म्हणून तरी हा ठराव हवा. हाल होतात, काही ठिकाणी नक्की होतात. बरगड्या मोजता येतील असे एक जनावर मीही बघते आणि त्याच्या मालकाला तोंडावर बोलते. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 पासून आहे, आणि भारवाहू जनावरांबाबतचे 1965 चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही, गाडीत चारपेक्षा जास्त माणसे नाहीत, गाडीवान आणि लहान मुले सोडून. हे नियम आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यातल्या एका रविवारी पाळले जातात का, हे पाहायला आजवर कुणी आल्याचे मला आठवत नाही. नियम आहेत, बघणारा नाही. जनावर लोकांच्या नजरेआड नेले तर बघणारे शेजारीही राहणार नाहीत.

मग आळीत जसे चालले आहे तसेच चालू द्यावे? नाही. आणि हे घोडेवाल्यांनाही आवडणार नाही, पण सांगते.

विकास आराखड्यात रहिवासी विभाग पिवळा असतो. आपल्या गावचा निम्मा नकाशा पिवळा आहे. पण त्या पिवळ्यात दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. एक बाजारामागच्या आळ्या, जिथे भिंतीला भिंत आहे आणि दोन घरांच्या मधून छत्री उघडून जाता येत नाही. दुसरी आपली वाड्यांची रांग : रस्त्याला अरुंद तोंड, पुढे अंगण, घर, मग विहीर, आणि मागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी. पहिल्या ठिकाणी घोडा असूच नये, एकही असू नये. दुसऱ्या ठिकाणी वाडीच्या मागच्या टोकाला दोन-तीन घोडे असले, तर रस्त्यावरच्या माणसाला कळतही नाही. आपल्या प्रस्तावाने दोन्हींना एकाच रंगाखाली एकच नियम लावला आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात नॉर्को नावाचे एक शहर आहे, ते स्वतःला घोड्यांचे शहर म्हणवते. तिथे रहिवासी वस्तीतच घोडे पाळतात आणि घरांसमोर फुटपाथऐवजी घोड्यांच्या वाटा आहेत. तिकडच्या अनेक गावांत जमीन किती त्यावर घोडे किती हे ठरते, आणि पागा शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती फूट हवी तेही लिहिलेले असते. त्यांचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. ते एकरांत बोलतात, आणि आपल्याकडे अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे सलग असलेला माणूस स्वतःला जमीनदार समजतो. पण पद्धत घेण्यासारखी आहे. विभागाचा रंग न बघता प्लॉट बघायचा.

माझा अंदाज असा, आणि तो पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावा. एका तट्टाला दहा फूट बाय दहा फुटांची, मोठ्या घोड्याला बारा बाय बाराची कोरडी जागा लागते. मागे फिरवायला मोकळे अंगण, लिदीचा खड्डा, गवताचा माळा. एवढे सगळे धरले तर पाच गुंठ्यांपेक्षा कमी जागेत घोडा मागू नये. पाच ते दहा गुंठ्यांत दोन. त्यापुढे तीन, आणि तिथेच थांबायचे. ज्याला आठ-दहा घोडे ठेवायचे आहेत त्याचा तो व्यवसाय आहे, त्याने वस्तीबाहेर सीआरझेडच्या वरच्या अंगाला जागा बघावी, आणि तिथे रस्ता-पाणी नगरपरिषदेने द्यावे. पागा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवी, मग ती स्वतःची विहीर असो वा शेजाऱ्याची. संडास आणि विहीर यांच्यातही एवढेच अंतर राखायला सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात हाताने बादली बुडवता येईल इतके पाणी वर येते आणि जमीन रेताड आहे, पुरलेले काहीही विहिरीत उतरते. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून अंतर किती ठेवायचे यावर वाद होईल, होऊ द्या. मी वीस फूट म्हणते. बाजारामागच्या आळीत वीस फूट कुणाकडेच नाहीत, म्हणजे तिथला प्रश्न मनाईचा ठराव न करताही सुटतो.

तळ चिऱ्याचा नको. सिमेंटचा कोबा, त्याला उतार, कडेला पन्हळ, पन्हळीचे तोंड झाकलेल्या शोषखड्ड्यात, गटारात नाही. वर भाताचे तूस पसरायचे. गिरणीवर ते पोत्याने मिळते आणि मूत शोषून घेते. चण्याची पोती पत्र्याच्या पिंपात ठेवायची, कारण उघड्या पोत्याला उंदीर येतात, आणि उंदीर आले की पावसाळ्यात लेप्टोचा ताप आला. आपल्या किनारपट्टीला हे वेगळे सांगायला नको.

लीद उचलण्याचे काम नगरपरिषदेने घ्यावे आणि त्याचे पैसे घोडेवाल्याकडून घ्यावेत. महिन्याला ठराविक रक्कम, घरपट्टीसारखी. एक ट्रॉली, आठवड्यातून दोनदा. गिऱ्हाईक तयार आहे. निसर्गमध्ये पोफळी आडव्या झाल्या, लोकांनी नवीन रोपे लावली, आणि सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. तोवर प्रत्येक वाडीवाला खत शोधत फिरतो आहे. घाटावरून शेणखताचे ट्रक येतात आणि आपली लीद खाडीत जाते! कच्ची घालू नये, ती तापते आणि मुळे जाळते. कुजवून घातली की जमीन भुसभुशीत होते. आमच्या वाडीत शेजाऱ्यांच्या लिदीसाठी दोन खड्डे आहेत, एक भरायचा आणि एक कुजायचा. वर झापे. त्या बदल्यात ते आम्हाला काही देत नाहीत, आम्हीही त्यांना काही देत नाही. माश्या पूर्ण गेल्या असे नाही, पण आता पोह्यांवरचे झाकण काढून मी पाहुण्यांशी बोलत उभी राहू शकते.

आता कायद्याचे. मी वकील नाही, पण घराच्या खोल्यांच्या परवानग्या काढताना जे कागद वाचावे लागले त्यावरून सांगते. जमिनीचा वापर आणि विभाग हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चा प्रांत. तिथे बदल करायचा तर जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. नुसता सभेचा ठराव करून विभागाचे नियम बदलत नाहीत. राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी 2020 च्या डिसेंबरमध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्या बाहेर जाऊन आपल्याला परस्पर काही ठरवता येईल असेही दिसत नाही. उलट उपद्रव, सांडपाणी, कचरा ही 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे आपलीच कामे. म्हणजे जे आपण येत्या महिन्यात करू शकतो ते बाजूला ठेवून, ज्याला काही वर्षे लागतील आणि जे कदाचित मंत्रालयात पडून राहील, तिथून आपण सुरुवात केली आहे. कागदी घोडे नाचवण्यातच वेळ जाईल, आणि तोवर खरे घोडे चिऱ्याच्या ओल्या जमिनीवर तसेच उभे.

प्रस्तावात ‘दुर्गंधी’ हा शब्द पाच ठिकाणी आहे, आणि रोगाचा उल्लेख एकदाही नाही. मला याचे नवल वाटले, कारण घाबरायचे असेल तर ते ग्लँडर्सला घाबरावे. घोडा, खेचर, गाढव यांना होणारा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात तो अधिसूचित आहे, म्हणजे संशय आला की कळवणे बंधनकारक. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात, आणि रोग निश्चित झाला तर ते जनावर मारावेच लागते. त्याची भरपाई मिळते, पण घोडेवाल्यांना ते माहीत नाही, म्हणून आजारी घोडा दाखवण्यापेक्षा विकून टाकण्याकडे कल राहतो. आपल्या किनाऱ्यावरचे घोडे इथे जन्मत नाहीत. कुणी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणतो, कुणी मुंबई-पुण्याच्या दलालाकडून. नवीन घोडा आला की पहिले काही आठवडे वेगळा बांधणे आणि रक्त तपासून घेणे, ही परवान्याची पहिली अट हवी. दुसरी अट धनुर्वाताची लस, घोड्याला आणि घोडेवाल्याच्या घरातल्या माणसांनाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद, नोंदीचा क्रमांक घोड्याच्या मोहरकीवर, आणि ज्याच्या घोड्याला क्रमांक नाही त्याला किनाऱ्यावर धंदा नाही. माथेरानला परवान्याशिवाय घोडा फिरवता येत नाही. तिथे मोटारी नाहीत म्हणून घोड्यावाचून अडते, आपल्याकडे तसे नाही हे खरे. पण क्रमांक द्यायला मोटारबंदी लागत नाही.

आणि हो, आधी मोजा. गावात घोडे किती, कुणाकडे, कोणत्या आळीत, याचा एकही आकडा प्रस्तावात नाही. पशुगणना होते तेव्हा घरोघर माणूस येऊन जातो, तो आकडा पशुसंवर्धन विभागाकडे मिळेल. 2019 च्या गणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखांच्या आत आले, 2012 च्या तुलनेत पंचेचाळीस टक्क्यांनी कमी. आपल्याकडे मात्र पर्यटन वाढले तसे किनाऱ्यावर घोडे वाढलेले दिसतात. पण ‘दिसतात’ यावर ठराव करू नये.

मुंबईचे उदाहरण सभेत दिले गेले म्हणून त्याबद्दल. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया, म्हणजे तिथल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितले, हे बरोबर. पण त्या प्रकरणात परवाना नसलेल्या पागा हा मोठा मुद्दा होता, आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखायलाही न्यायालयाने शासनाला सांगितले होते. वर्षानुवर्षे विनापरवाना चालू द्यायचे आणि मग एके दिवशी सगळेच बंद करायचे, अशी वेळ तिथे आली. आपल्याकडे अजून ती आलेली नाही. आज परवाना दिला तर उद्या अटी मोडणाऱ्याचा तो काढून घेता येईल. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याच्याकडून काढून काय घेणार?

थोडे विषयांतर. आपल्या शेजारच्या चौलच्या बंदरात एके काळी अरबस्तानातून घोडे उतरत. पंधराव्या शतकात निकीतीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तो घोडा घेऊन जुन्नरला गेला. तिथल्या खानाने तो काढून घेतला. मध्यस्थी झाली म्हणून परत मिळाला. रेवदंड्याला त्या निकीतीनचे स्मारक आहे. तेव्हा अंमलदार आणि घोडेवाला यांच्यातला मामला आपल्या भागात नवा नाही, मध्यस्थ मात्र लागतो.

प्रस्तावासोबत जोडलेल्या सह्या मी वाचल्या. बऱ्याच ओळखीच्या आहेत. त्यातल्या दोन घरच्या वराती गेल्या हंगामात याच घोड्यांवरून निघाल्या, आणि बॅन्जोसमोर तासभर घोडी थांबवून ठेवली होती. त्यांच्या तक्रारीला त्यामुळे कमी किंमत द्या असे मी म्हणत नाही. पण सुनावणीत त्यांनी एवढे सांगावे, की पुढच्या वरातीला घोडा कुठून येणार आणि तो कुठे राहत असेल असे त्यांना वाटते.

शेवटची विनंती सुनावणीच्या तारखेबद्दल. जाहीर केलेली तारीख शनिवारची आहे, सकाळी अकराची. त्या दिवशी अकराला ओहोटी आहे आणि शाळांना सुट्टी. एकही घोडेवाला सभागृहात येणार नाही, तो किनाऱ्यावर असेल, आणि आपल्या इतिवृत्तात ‘बाधितांपैकी कोणीही उपस्थित नव्हते’ असे लिहिले जाईल. मंगळवार ठेवा, संध्याकाळी पाचनंतर. त्याआधी आरोग्य निरीक्षकांनी बाजारामागची आळी आणि वाड्यांची रांग दोन्ही पायी फिरून पाहावी, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर घ्यावे. आमच्याकडे आलात तर बांधावरून शेजारची पागा आणि आमचे खड्डे दोन्ही दाखवते. पहाटे साडेपाचला या, म्हणजे वासही कळेल.

आपली,
वाड्यांच्या रांगेतील एक घरपट्टी भरणारी रहिवासी